शाळेची घंटा अवेळी वाजली तर...

मुलाला ताप आला, जुलाब झाले, पडून खरचटले तर काय करायचे हे बहुतेक आयांना ठाऊक असते. ठाऊक नसले तर त्या दवाखान्यात येऊन विचारतात. परंतु मूल शाळेत असताना तिथे आग लागली, भूकंप झाला, पुराचे पाणी शिरले किंवा जवळच्या कारखान्यातून गॅस सुटला, तर पालकांनी काय करावे, हा प्रश्न माझ्या इतक्या वर्षांच्या व्यवसायात मला एकाही पालकाने विचारलेला नाही. तो डोक्यात येतो तो थेट त्या दिवशीच, आणि त्या दिवशी कोणाचेच डोके ठिकाणावर नसते. म्हणून आजचा लेख या विषयावर.

आरोग्याच्या सदरात हा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर मला एका दुपारी माझ्या दवाखान्यातच मिळाले.

त्या दुपारची हकीकत

काही वर्षांपूर्वी, ऐन श्रावणात, आमच्या गावातील एका शाळेजवळच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची नळी गळू लागली. बर्फ गोठवण्याच्या यंत्रात हा वायू वापरतात. त्याचा वास इतका उग्र की थोडासा सुटला तरी डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागतात. वास येताच मुख्याध्यापकांनी घंटा वाजवली आणि शिक्षकांनी वर्गावर्गांतून मुले रांगेने बाहेर काढली. वारा मैदानाकडेच वाहतो आहे हे ओळखून त्यांनी मुलांना मैदानावर थांबवले नाही. मागच्या फाटकाने बाजार समितीच्या आवारात नेले. दहा-बारा मिनिटांत सगळी शाळा सुरक्षित जागी पोहोचली. इथपर्यंत सर्व उत्तम झाले.

गोंधळ पुढे झाला. गावात बातमी पसरली ती 'शाळेत स्फोट झाला' अशी. जो तो मिळेल त्या वाहनाने शाळेकडे धावला. शाळेसमोरचा रस्ता अरुंद. बघता बघता तो मोटरसायकली, रिक्षा आणि सायकलींनी भरून गेला आणि अग्निशामक दलाचा बंब चौकातच अडकला. शाळेत मुले नव्हतीच, पण पालकांना ते कोण सांगणार? ते फाटक ढकलून, ज्या दिशेने वास येत होता त्याच दिशेने आत शिरत होते. त्या दुपारी माझ्याकडे गॅसमुळे डोळे चुरचुरणारे आणि खोकणारे असे सहा-सात जण आले, त्यांत मुले दोनच. बाकीचे सगळे फाटकावर चेंगरलेले, मोटरसायकलवरून पडलेले, पायावरून चाक गेलेले. एका आजोबांच्या मनगटाचे हाड मोडले होते. नातवाला आणायला निघाले होते बिचारे.

संध्याकाळी सहाच्या सुमारास दोन बायकांनी एका आईला धरून आणले. तिचा तिसरीतला मुलगा सापडत नव्हता. शाळा, बाजार समिती, ग्रामीण रुग्णालय असे तिचे तीन फेरे झाले होते. माझ्याकडे बघून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, माझ्या पोराला तुमच्याकडे आणलं होतं का हो?" मला नाही म्हणावे लागले. ती तिथेच खाली बसली.

मुलगा रात्री साडेआठला सापडला, दुसऱ्या गावी, जेवून झोपलेला. झाले होते असे की, त्यांच्या शेजारच्या गृहस्थांनी बाजार समितीच्या आवारात त्याला ओळखले, स्कूटरवर बसवले आणि गावात गॅस आहे म्हणून थेट आपल्या सासुरवाडीला नेऊन पोहोचवले. हेतू चांगला होता. पण शिक्षकांना सांगितले नाही आणि पुढे फोन लागेना. वर्गशिक्षिका हजेरीपट हातात घेऊन पोलीस ठाण्यात रडत बसल्या होत्या, कारण एक मूल कमी भरत होते. गॅसचा त्या मुलाला काहीही त्रास झाला नाही. त्याच्या आईला मात्र पुढे कित्येक आठवडे झोपेची तक्रार घेऊन माझ्याकडे यावे लागले.

त्या दिवसापासून माझे मत पक्के झाले आहे. मुलांना संकटातून बाहेर काढणे हे अर्धेच काम आहे. बाहेर काढलेले प्रत्येक मूल योग्य माणसाच्या हाती पोहोचवणे हे उरलेले अर्धे काम. पहिले काम शाळेचे आहे, पण दुसरे पालकांनी आधीपासून तयारी केल्याशिवाय होत नाही.

प्रत्येक संकटात बाहेर पळायचे नसते

संकट आले की मुलांना बाहेर काढायचे, अशी आपली साधी समजूत असते. पण संकटागणिक रीत बदलते.

आग लागली तर ताबडतोब बाहेर पडायचे. दप्तर, डबा, चपला काहीही घ्यायला थांबायचे नाही. आगीत माणसे जळून मरण्याआधी धुराने गुदमरतात. धुरात कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो रक्तात प्राणवायूची जागा घेतो आणि माणसाला गुंगी येते. धूर गरम असल्याने वर चढतो, जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात बरी असते. म्हणून धूर भरलेल्या खोलीतून रांगत बाहेर पडावे. नाकातोंडावर ओले फडके धरल्याने काजळी अडते, विषारी वायू अडत नाही, हे लक्षात ठेवून रेंगाळू नये.

भूकंपाची रीत वेगळी. जमीन हलत असताना जिन्याकडे पळणे धोक्याचे असते. आधी बाकाखाली बसायचे, डोके झाकायचे, बाकाचा पाय घट्ट धरायचा. हलणे थांबले की रांगेने मोकळ्या मैदानावर यायचे. भिंती, विजेच्या तारा आणि गल्ल्या यांपासून लांब थांबायचे. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी झाला, तेव्हा शाळा भरलेल्या नव्हत्या. कच्छमध्ये २६ जानेवारी २००१ रोजी सकाळी पावणेनऊच्या सुमारास भूकंप झाला, त्या वेळी अंजार गावातील शाळांची मुले प्रजासत्ताक दिनाच्या फेरीत अरुंद गल्लीतून चालली होती. दोन्ही बाजूंची घरे त्यांच्यावर कोसळली आणि शंभराहून अधिक मुले गेली. मोकळी जागा का महत्त्वाची, हे यावरून समजावे.

गॅस सुटला तर वाऱ्याच्या दिशेने पळायचे नाही. वाऱ्याला आडवे होऊन बाजूला सरायचे. तसे जाणे शक्य नसेल तर दारे-खिडक्या लावून, फटींत ओली फडकी कोंबून आतच थांबणे कधीकधी अधिक सुरक्षित ठरते.

आणि पूर आला तर? तर मुलांनी शाळेतच, वरच्या मजल्यावर थांबायचे. हे पालकांच्या पचनी पडत नाही. म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

२६ जुलै २००५ ची शिकवण

त्या मंगळवारी मुंबईत सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. दुपारनंतर पावसाचा जोर इतका वाढला की लोकलगाड्या थांबल्या, उपनगरांत वीज गेली आणि फोन लागेनासे झाले. हजारो मुले शाळांत आणि शाळेच्या बसगाड्यांत अडकली. अनेक शाळांनी मुलांना रात्रभर ठेवून घेतले, तर अनेक मुले शाळा सुटून वाटेला लागली होती.

माझी धाकटी बहीण तेव्हा कुर्ल्याला राहत होती. तिची मुलगी दुसरीत. शाळा घरापासून दीड-दोन किलोमीटरवर. चार वाजता ही निघाली. पाणी आधी गुडघ्यापर्यंत होते, मग कमरेपर्यंत, आणि पुढे एका ठिकाणी छातीपर्यंत. रस्ता कुठे, गटार कुठे काही कळेना. एका उघड्या मॅनहोलच्या भोवऱ्यात तिचा पाय ओढला गेला. एका अनोळखी मुलाने तिची ओढणी धरली म्हणून ती वाचली. रात्री नऊला ती शाळेत पोहोचली तेव्हा मुलगी दुसऱ्या मजल्यावर पन्नास-साठ मुलांबरोबर बिस्किटे खात भेंड्या खेळत होती. आई थंडीने काकडत होती, तिचे पाय काचांनी कापले होते. मुलगी म्हणाली, "आई, तू कशाला आलीस? बाईंनी सांगितलंय, आपण आज इथंच झोपायचं."

बहिणीने ही हकीकत मला अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी ती शेवटी म्हणते, "मी बुडाले असते तर त्या पोरीला सकाळी न्यायला कोण आलं असतं?" त्या रात्री आमच्या घरात खरा धोका कोणाला होता, याचा विचार वाचकांनीच करावा. मूल पक्क्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, शिक्षकांजवळ होते. पाण्यात होती ती आई. तेव्हा शाळेने मुले ठेवून घेतली असतील तर पाणी ओसरेपर्यंत धीर धरणे हीच त्या वेळची काळजी घेण्याची रीत होय. पावसाळ्यात कोल्हापूर-सांगलीकडच्या आणि कोकणातल्या पालकांना तर हे मी आवर्जून सांगेन.

मूल ताब्यात कसे मिळावे

मुले एका जागी जमली की आधी शिरगणती व्हायला हवी. शिक्षक हजेरीपटावरून प्रत्येक नाव घेतात. ही मोजणी संपेपर्यंत एकही मूल कोणाच्या हाती देऊ नये, अगदी सख्ख्या आईच्याही. हे वाचून काही आयांना राग येईल. पण एक मूल न सांगता नेले गेले तर काय होते, ते वर सांगितले आहे. शिवाय शाळेला वाटते की मूल आतच अडकले आहे, आणि त्याला शोधायला एखादा शिक्षक किंवा जवान पुन्हा धुरात शिरतो. आपण न सांगता मूल उचलतो तेव्हा दुसऱ्या कोणाचा तरी जीव टांगणीला लावत असतो.

मोजणी झाल्यावर मूल कोणाला द्यायचे, यासाठी शाळेकडे आधीच लिहून दिलेली नावे हवीत. आलेल्या माणसाचे नाव त्या यादीशी ताडून पाहावे, मुलाला "हे कोण?" असे विचारावे, वेळ लिहावी आणि सही घ्यावी. पालकांसाठी वेगळे फाटक असेल तर फारच चांगले. बंब आणि रुग्णवाहिका यांचे फाटक मोकळे राहते. जखमी मुलाला रुग्णालयात हलवायचे असेल तर त्याच्या मनगटावर पेनने नाव आणि इयत्ता लिहावी. बेशुद्ध किंवा घाबरलेले मूल स्वतःचे नाव सांगू शकत नाही, हा आम्हा डॉक्टरांचा अनुभव आहे.

जपानमध्ये १९२३ च्या कांतो भूकंपाची आठवण म्हणून १ सप्टेंबर हा आपत्ती निवारण दिन पाळतात. त्या सुमारास तिथल्या अनेक शाळांत पालकांनाही बोलावून मुले ताब्यात देण्याची रंगीत तालीम करतात. आपल्याकडे तालीम होते तीही क्वचित, आणि ती मुले मैदानावर आली की संपते. पालकांची तालीम कोणी घेत नाही.

आज रात्री घरी करण्याची कामे

ही तयारी करायला पैसे लागत नाहीत, अर्धा तास लागतो.

एका जाड कागदावर मुलाचे पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, आई-वडिलांचे फोन क्रमांक लिहा. त्याखाली तुमच्याशिवाय आणखी दोन माणसांची नावे लिहा, जी मुलाला न्यायला येऊ शकतील. ही माणसे शाळेजवळ राहणारी, दिवसा घरी असणारी आणि मुलाच्या ओळखीची असावीत. त्या दोघांना तसे सांगूनही ठेवा. कागदाची एक प्रत वर्गशिक्षकांकडे द्या आणि एक दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवा. व्हॅनवाल्या किंवा रिक्षावाल्या काकांचे नाव यादीत आहे की नाही, हेही एकदा ठरवून टाका. शाळा अवेळी सुटली तर त्यांनी मूल घरी आणायचे की शाळेतच ठेवायचे, हे त्यांनाही माहीत हवे.

आपल्या भागातून अनेक कुटुंबे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जातात आणि मुले आजी-आजोबांकडे राहतात. अशा वेळी शाळेतल्या कागदावर कारखान्यावरच्या बापाचा नंबर असून उपयोग नाही, गावातल्या आजोबांचा हवा. घरात काही बेबनाव असेल आणि मूल एखाद्या नातेवाइकाच्या हाती देऊ नये असा न्यायालयाचा आदेश असेल, तर संकोच न करता मुख्याध्यापकांना लेखी कळवा. गर्दीच्या वेळी अशाच गोष्टींत घोटाळा होतो.

मुलाबरोबर एक परवलीचा शब्द ठरवा. एखाद्या आवडत्या फळाचे नाव चालेल. जो माणूस हा शब्द सांगेल त्याच्याबरोबरच जायचे, एरवी ओळखीचा असला तरी बाईंना विचारायचे. मुलांना हा खेळ वाटतो आणि म्हणून नीट लक्षात राहतो.

मुलाकडून त्याचे पूर्ण नाव, तुमची नावे, गाव आणि एक फोन क्रमांक पाठ करून घ्या. परवा पाच वर्षांच्या एका चिरंजीवांना मी विचारले, "बाबांचं नाव काय?" उत्तर आले, "पप्पा." आईचे नाव? "मम्मी." दवाखान्यात सगळे हसले. पण हेच उत्तर रात्री आठ वाजता पोलीस ठाण्यात मिळाले तर हसू येणार नाही.

बाहेरगावच्या एका नातेवाइकाला निरोपाचे ठिकाण ठरवा. गावात फोन लागत नसले तरी बाहेरगावी कधीकधी लागतो, आणि बोलणे होत नसले तरी छोटा लेखी संदेश जाऊन पोहोचतो. तुम्ही दोघे दोन ठिकाणी असाल तर त्या एकाच माणसाला कळवा. शाळेला मात्र पन्नास फोन करू नका. एकच फोन असतो, तो बंबाला आणि रुग्णवाहिकेला लागायला हवा. व्हॉट्सअॅपवर आलेली बातमी खात्री केल्याशिवाय पुढे पाठवू नका. आमच्या गावातला 'स्फोट' असाच तयार झाला होता.

मुलाला तीन गोष्टी शांतपणे सांगून ठेवा. बाई किंवा सर सांगतील तसे करायचे. रांग सोडायची नाही. आणि धाकट्या भावंडाला शोधायला परत आत जायचे नाही, त्याचे शिक्षक त्याला आणतात. ही तिसरी सूचना महत्त्वाची आहे. 'धाकट्याकडे लक्ष दे' असे आपणच थोरलीला रोज सांगत असतो, आणि ती बिचारी खरोखरच जिना चढून परत जाते.

औषधे आणि आजार

माझ्या दृष्टीने सर्वांत दुर्लक्षित बाब ही आहे. मुलाला दमा असेल, फिट येत असतील, मधुमेह असेल, हृदयाचा आजार असेल किंवा एखाद्या औषधाची अॅलर्जी असेल तर वर सांगितलेल्या कागदावर ते ठळक अक्षरांत लिहा. औषधाचे नाव आणि प्रमाणही लिहा. अनेक पालक आजार लपवतात, विशेषतः मुलीला फिट येत असतील तर. पुढे लग्नाच्या वेळी अडचण येईल अशी भीती असते. ती भीती मी समजू शकतो. पण दोन तास मैदानावर उन्हात बसलेल्या मुलीला फिट आली आणि शिक्षकांना काहीच माहीत नसेल तर जिवावर बेतेल. निदान वर्गशिक्षिकेला विश्वासात घ्यावे.

दम्याच्या मुलाचा जास्तीचा पंप शाळेत असावा. मधुमेहाच्या मुलाजवळ ग्लुकोज किंवा साखर असावी. संकटाच्या दिवशी जेवणाची वेळ टळते, आणि इन्सुलिन घेतलेल्या मुलाची साखर उतरली तर ते घाम येऊन बेशुद्ध पडू शकते.

मूल हाती आल्यावर

मूल मिळाले की आधी जवळ घ्या, मग डोक्यापासून पायापर्यंत नीट पाहा. भाजले असेल तर त्या भागावर वीस मिनिटे साधे गार पाणी वाहू द्या. बर्फ, टूथपेस्ट, तूप, हळद, शाई यांतले काहीही लावू नका, आम्हाला आधी तेच पुसावे लागते आणि मुलाला दुप्पट वेदना होतात. कपड्याने पेट घेतला असेल तर पळू द्यायचे नाही, जमिनीवर लोळवायचे. गॅसमुळे डोळे चुरचुरत असतील तर पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा आणि कपडे बदला.

धुरात किंवा गॅसमध्ये सापडलेले मूल वरून ठीक दिसले तरी पहिले चोवीस तास लक्ष ठेवा. खोकला वाढला, धाप लागली, आवाज घोगरा झाला, डोके दुखू लागले, उलटी झाली किंवा मूल गुंगीत राहू लागले तर घरी थांबू नका, रुग्णालय गाठा.

मनालाही इजा होते. त्या प्रसंगानंतर काही मुले पुन्हा अंथरूण ओले करू लागतात, आईचा पदर सोडत नाहीत, शाळेची वेळ झाली की पोटात दुखू लागते. हे नाटक नव्हे. त्यांना रागावू नका, आणि पाहुण्यांसमोर "काय झालं ते सांग बरं" असे पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका. त्या घटनेची चित्रफीत तर दाखवूच नका. मूल आपणहून बोलेल तेव्हा ऐका. जेवण, खेळ, झोप नेहमीच्या वेळी होऊ द्या आणि शाळा शक्य तितक्या लवकर सुरू करा. बहुतेक मुले काही आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही भीती, वाईट स्वप्ने किंवा शाळेला नकार चालू राहिला तर डॉक्टरांना दाखवा.

शाळेला विचारायचे प्रश्न

तमिळनाडूतील कुंभकोणम येथे १६ जुलै २००४ रोजी शाळेच्या स्वयंपाकघराच्या शाकारलेल्या छपराला आग लागली, ती वरच्या वर्गांच्या छपरापर्यंत गेली आणि ९४ मुले दगावली. त्यानंतर दाखल झालेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ एप्रिल २००९ रोजी निकाल दिला. सुरक्षित शाळेत शिकणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि शाळांत आग विझवण्याची साधने व शिक्षकांना प्रशिक्षण असलेच पाहिजे असे सांगितले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानेही २०१६ मध्ये शाळांच्या सुरक्षेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. तेव्हा शाळेला प्रश्न विचारण्यात आगाऊपणा काही नाही.

विचारावे ते एवढेच: संकटात मुले कुठे जमतात? वर्षातून किती वेळा तालीम होते? दोन्ही जिने आणि मागचे फाटक शाळेच्या वेळेत उघडे असतात का, की कुलूप आणि किल्ली शिपायाच्या खिशात? मूल कोणाच्या ताब्यात देतात? सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत कायद्याने तीन चतुर्थांश सभासद पालक असतात. म्हणजे हे प्रश्न विचारणारे आणि सोडवणारे आपणच आहोत. स्नेहसंमेलनाच्या वेळीही मंडपाला दुसरा दरवाजा आहे का ते पाहा. हरियाणातील डबवाली येथे २३ डिसेंबर १९९५ रोजी शाळेच्या अशाच समारंभात मंडप पेटला आणि बाहेर पडायला पुरेशी वाट नसल्याने चारशेहून अधिक माणसे गेली. त्यांत निम्म्याहून अधिक मुले होती.

कात्रण करून ठेवण्यासाठी

आणीबाणीचे फोन: कोणत्याही संकटासाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, अग्निशामक दलासाठी १०१, हरवलेल्या किंवा सापडलेल्या मुलासाठी १०९८.

बातमी कळताच प्रथम शाळेचा अधिकृत निरोप पाहा. निघायचेच असेल तर एका घरातून एकानेच, शक्यतो पायी, ओळखपत्र घेऊन निघा. गाडी नेलीच तर लांब लावा. शाळेच्या फाटकावर न जाता ठरलेल्या जागी जा. मोजणी होईपर्यंत थांबा. सही केल्याशिवाय मूल नेऊ नका, स्वतःचेही नाही. शेजाऱ्याचे मूल दिसले तर ते शिक्षकांजवळच राहू द्या आणि त्याच्या आईला फक्त कळवा: "तुमचा मुलगा सुखरूप आहे, मी पाहिला."

त्या श्रावणातल्या दुपारी कोणी तरी त्या आईला एवढे एक वाक्य सांगितले असते, तर तिला माझ्या दवाखान्याची पायरी चढावी लागली नसती.